फ्रेमीत न मावलेला कागद

बोरमाथ्याच्या बसथांब्यासमोर पत्र्याच्या गाळ्यात कानिफनाथ माळवद्यांचं शिलाईचं दुकान आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर तीन तसबिरी. मधे नामदेव महाराज, डावीकडे मढीचे कानिफनाथ, आणि उजवीकडे काळा कोट घातलेला, ओठ घट्ट मिटलेला, बघणाऱ्यावर जरा रागावल्यासारखा एक गोरा माणूस. त्याच्याखाली त्याच काचेत वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला मजकूर. नवखं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे कोन हो नाना? सासरे का तुमचे?" मग नाना मशीनचा पाय थांबवतात, चष्मा कपाळावर सरकवतात, आणि गिऱ्हाइकाची पुढची पंधरा मिनिटं गेलीच म्हणून समजा.

"हा अँड्र्यू जान्सन. अमेरिकेचा सतरावा प्रेसिडेंट. शिंपी हुता."

बोरमाथा हे पाथर्डी तालुक्यातलं, कुसळं आणि बोरी यांनाच जिथं तोटा नाही असं गाव. इथल्या माणसाला आपला आमदार कोण हे एखादे वेळी आठवणार नाही, पण अमेरिकेचा सतरावा कोण हे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ आहे. इतकी वर्षं ऐकल्यावर होणारच. गावानं नानांचं नावही 'प्रेसिडेंट' ठेवलं. "प्रेसिडेंट, पायजम्याची नाडी निसटली, तेवढी घालून द्या," असं म्हणत लोक दुकानात येतात. नानांना त्यातली टिंगल कळते, पण नाव आवडतं, म्हणून ते ऐकून घेतात.

त्यांचे वडील भिमाजी सायकलच्या कॅरियरवर मशीन बांधून बाजार करायचे. तिसगावच्या बाजारात लिंबाखाली मशीन मांडायची, फाटकं शिवायचं, संध्याकाळी परत. कानिफ अकरा वर्षांचा असताना ते वारले आणि आईनं पोराला नगरला कापड बाजारातल्या एका उस्तादाच्या हाताखाली घातलं. उस्तादाचा हात सोन्याचा, पण मन कोतं. चार वर्षं काज-बटणाच्या पुढं त्यानं पोराला सरकू दिलं नाही. कात्रीला हात लावला की बोटांवर मापाचा लाकडी गज. पंधराव्या वर्षी एका पहाटे कानिफ दुधाच्या टेम्पोत बसून पळून आला, आणि गावात पहिला सदरा त्यानं चुलत्याच्या मापाचा बेतला. एक बाही आखूड झाली. चुलत्यानं तो सदरा शेवटपर्यंत बाह्या दुमडून वापरला, आणि कोणी विचारलं तर "फॅशन हाय" म्हणायचा.

पुढं तिसगावची मुक्ता या घरात आली. सातवी पास, ती पण वर्गात दुसऱ्या नंबरानं. कानिफ चौथीतच सुटलेला. त्याला अक्षरं ओळखू यायची, पण ती एकमेकांना जोडता जोडता त्याला धाप लागायची. दुपारी तो मशीनवर आणि मुक्ता समोरच्या फळीवर हातशिलाई करत बसायची. नगरहून कापडाचे तागे यायचे ते जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून. मुक्ता ते कागद सरळ करायची आणि मोठ्यानं वाचायची. बातम्या महिन्या-दोन महिन्यांच्या शिळ्या असायच्या, पण बोरमाथ्यात ताज्या तरी कुठं मिळत होत्या? वाचून झालं की कागद वाया जात नसे. त्याचे बेत कापले जायचे. कॉलर, खिसा, बाही, प्रत्येकाचा कागदी आकार खिळ्याला लटकवलेला असायचा आणि कापडावर ठेवून खडूनं आखून घ्यायचा.

अशाच एका दुपारी तिच्या हातात एका रविवारच्या अंकाचं पान आलं. 'शिंपी ते राष्ट्राध्यक्ष' असा मथळा होता. ती वाचू लागली आणि कानिफची मशीन थांबली. परदेशातलं एक गरिबाघरचं पोर. बाप लहानपणीच गेलेला. आईनं शिंप्याकडं कामाला ठेवलेलं. तिथून ते पळालं, तर मालकानं पकडून देणाऱ्याला दहा डॉलरचं बक्षीस लावलं. मग दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान. अठराव्या वर्षी लग्न. तो शिवत बसायचा आणि बायको त्याला वाचून दाखवायची, तिनंच त्याला लिहायला, हिशेब करायला शिकवलं.

"थांब," कानिफ म्हणाला. "परत वाच. बायकूचं."

मुक्तानं परत वाचलं. तीनदा वाचलं. तो माणूस गावाचा नगरसेवक झाला, मग नगराध्यक्ष, मग प्रांताचा गव्हर्नर. गव्हर्नर असताना त्यानं एका मित्राला स्वतःच्या हातानं कोट शिवून पाठवला. लिंकनच्या हाताखाली उपाध्यक्ष झाला, आणि लिंकनचा खून झाल्यावर थेट अध्यक्ष. भर सभेत कोणी शिंपी म्हणून हिणवलं तर म्हणायचा, शिंपी होतो, आणि चांगला शिंपी होतो. माझे कपडे अंगाला नीट बसायचे आणि सांगितल्या वेळेला मिळायचे. पुढं त्याला खुर्चीवरून खाली खेचायला खटला भरला गेला, आणि एका मतानं तो वाचला.

कानिफच्या डोळ्यांत पाणी आलं. हसायचं कारण नाही. चोवीस वर्षांच्या माणसाला, ज्याचा बाप लिंबाखाली फाटकं शिवून गेला, आपल्यासारखं कोणीतरी इतक्या उंच गेलेलं पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं चित्र आणि मजकूर कापला, पाथर्डीला जाऊन फ्रेम करून आणली आणि नामदेव महाराजांच्या शेजारी टांगली.

त्यानंतरची चाळीस वर्षं त्या तसबिरीखाली गेली. गावातल्या प्रत्येक माणसाची छाती-कंबर नानांच्या वहीत आहे. कोणाची कंबर वर्षात दोन इंच उतरली हे डॉक्टरच्या आधी नानांना कळतं, आणि ते गुपचूप मुक्ताबाईला सांगतात, मुक्ताबाई त्या घरी कोणत्या तरी निमित्तानं डबा घेऊन जाते. रेडिमेडचा जमाना आला तसं दुकान गणवेश, ब्लाउज आणि उसवलेल्या चेनींवर येऊन ठेपलं. पण नानांनी वेळ कधी चुकवली नाही. शुक्रवार म्हणजे शुक्रवार. तेवढ्यात तरी ते जॉन्सनच्या बरोबरीला होते.

राहिलं होतं ते राजकारण. तेही झालं. मागल्या निवडणुकीत नाना सदस्य म्हणून निवडून आले आणि सरपंचपद निघालं ओबीसीसाठी राखीव. गावाची दोरी तीस वर्षं आसाराम पाटलांच्या हातात. स्वतः सरपंच, मग मुलगा सरपंच, मग भावजय. आता राखीव जागेवर कोण बसवायचं? पाटील स्वतःही सदस्य होतेच. त्यांनी नऊ सदस्यांवर नजर फिरवली आणि नानांवर बोट ठेवलं. "शिंपी आपला गरीब मानूस हाय," ते चावडीवर म्हणाले. "दावू तिथं टीप मारील."

खोटं कशाला बोला, पहिली दोन वर्षं नानांनी दावली तिथं टीप मारली. पाटील म्हणतील त्या ठरावावर सही, पाटील म्हणतील तो रस्ता. झेंडावंदनाला मात्र स्वतः शिवलेला काळा कोट घालून जायचे आणि भाषणात जॉन्सन आणायचेच. शाळेतली पोरं एकमेकांना कोपर मारायची.

मग मागल्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत गोजरबाई उभी राहिली.

गोजरबाई महिला राखीव जागेवरची सदस्य. गावाच्या पूर्वेला गायरानाच्या कडेनं अठरा कुटुंबं पत्रा आणि पाचटाच्या खोपीत राहतात, त्यांतलं एक तिचं. दिवाळी झाली की ही सगळी माणसं ऊसतोडीला कोपरगाव-राहात्याकडं जातात, ती चैत्र सरता सरता परत. घरकुलाच्या यादीत त्यांची नावं तीनदा आली आणि तीनदा परत गेली. घरकुल मिळतं, पण बांधायला स्वतःची जागा लागते, आणि जागा तर नाही. दुसरीकडं गायरानाच्या तीन एकरांवर पाटलांचा गोठा आणि कडब्याच्या गंजी वीस वर्षं सुखानं नांदत होत्या.

"नाव तीनदा आलं," गोजरबाई म्हणाली. "घर एकदाबी न्हाई. गायरान गावाचं हाय ना? मग आमी गावात हाय का न्हाई, तेवढं सांगा."

नाना अध्यक्षस्थानी होते. त्यांनी ठराव मांडला: या अठरा कुटुंबांना गायरानात घरापुरती जागा मिळावी. सगळ्या सभेचे हात वर झाले. समोर अठराच्या अठरा कुटुंबं बसलेली असताना नाही कोण म्हणणार? पाटीलही गप्प बसले, आणि पाटलांचं गप्प बसणं गावाला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जड जातं. दिवाळीनंतर कोयते घेऊन खोपी रिकाम्या झाल्या. जागेचा नकाशा तयार व्हायला डिसेंबर उजाडला. आता प्रस्तावावर सरपंचाची शेवटची सही व्हायची आणि तो तालुक्याला दाखल करायचा, एवढंच उरलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात सहा सदस्यांनी सरपंचावर अविश्वास ठरावाची नोटीस दिली. तहसीलदारांनी पुढच्या सोमवारी सभा लावली.

नऊ सदस्य. ठराव पास व्हायला दोन तृतीयांश, म्हणजे सहा हात पाहिजेत. आणि सहा होते.

बुधवारी दुपारी आसाराम पाटील स्वतः दुकानात आले. दहा वर्षांत त्यांनी या दुकानाची पायरी चढली नव्हती, त्यांचे कपडे नगरहून तयार यायचे. आज काखेत पांढऱ्या कापडाची घडी होती.

"घ्या सरपंच, माप घ्या," ते म्हणाले. "नेहरू शर्ट शिवायचाय. तुमच्या हातचा."

नाना मशीनवरून उठले. आजवर पाटलांनी त्यांना 'ए कानिफ' याखेरीज हाक मारली नव्हती. त्यांनी टेप काढली. पाटील ताठ उभे राहिले, हात बाजूला केले. नानांनी छाती मोजली, आणि त्यांच्या डोक्यावरून पाटलांचा आवाज आला.

"सहा हात हायेत, सरपंच. सहावा माझा. सोमवारी माझा हात खाली ऱ्हायला तर झाले पाच. ठराव पडला. तुमी वाचलात, एका मतानं." त्यांनी हनुवटीनं भिंतीकडं खूण केली. "तुमच्या त्या जान्सनवानी."

नानांच्या हातातली टेप थांबली.

"फकस्त त्यो गायरानाचा कागद हाय ना, त्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. फाडा म्हनत न्हाई मी. ती मानसं तर तिकडं फडात हायेत. पुढल्या साली बघू, कुठं पळून चाललंय? तुमी खुर्चीवर असलात तर कागद कवाबी जाईल. खुर्चीच न्हाई म्हनल्यावर कागद कोन इचारतंय?"

"सोमवारी शर्ट देतो," एवढंच नाना म्हणाले, आणि माप वहीत उतरवलं.

पाटील गेल्यावर नानांनी ते पांढरं कापड उलगडून पाहिलं. त्यांना बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या माणसाच्या ओट्याखाली उभं राहून त्यांच्या बापानं शिलाईचे दाणे पदरात घेतले, तो माणूस आज त्यांच्या दुकानात हात वर करून उभा राहिला होता, आणि 'तुमी' म्हणाला होता. शिवाय पाटलांचं बोलणं तरी कुठं चुकीचं होतं? खुर्ची असली तर पुढं काही करता येईल. संध्याकाळी जेवताना त्यांनी हे मुक्ताबाईला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात पोराचा आनंद होता.

"एका मतानं, मुक्ते! तस्संच झालं बघ. जसं लिवलंय तसंच."

मुक्ताबाईनं भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी पाटलांचं कापड फळीवर पसरलं. शर्टाचं धड आखून झालं. "कॉलरचा बेत दे गं," ते म्हणाले. "मोठा. सोळा इंची."

मुक्ताबाईनं खिळ्यावरचा जुडगा उतरवला आणि त्यातला कॉलरचा बेत काढला. फार जुना. फाटू नये म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. चाळीस वर्षं त्याच्यावरून खडू फिरून कडा निळ्या-पांढऱ्या झालेल्या. तिनं तो नानांच्या हातात दिला नाही. स्वतः फळीवर बसली, चष्मा लावला आणि बेत उजेडाकडं धरला.

"वाचू का?" ती म्हणाली.

"काय वाचतेस? बेत हाय त्यो."

"बेत हायच. पन तुमच्या जान्सनचा उरलेला कागद बी हाय. त्या दिवशी तुमी फ्रेमीसाठी वरचं कापून घेतलं, आन खालच्याची ही कॉलर बेतली."

नाना हसले. मग ती हसत नाही हे त्यांना दिसलं.

कडेची अक्षरं कॉलरच्या वळणात गेली होती. तुटलेल्या ओळी मुक्ताबाई आठवणीनं पुऱ्या करत गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर तिथले गुलाम मोकळे झाले होते. समुद्रकाठच्या, मालकांनी सोडलेल्या मळ्यांवर त्यांतल्या हजारो कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर जमीन तोडून दिली होती. त्यांनी ती नांगरली, पेरली, खोपी बांधल्या. मग जॉन्सन अध्यक्ष झाला. जन्मभर ज्या बड्या जमीनदारांनी त्याला शिंपी म्हणून हिणवलं होतं, तेच आता हरलेल्या बंडाबद्दल माफी मागायला त्याच्या दारात रांग लावून उभे राहिले, आणि त्याला ते गोड वाटलं. एकेकाला त्यानं माफी दिली आणि जमिनी परत केल्या. सरकारी माणसं जाऊन त्या कुटुंबांना सांगून आली की जमीन सोडा, मालक परत आलेत. मोकळ्या झालेल्या माणसांना हक्क देणारा कायदा आला तर यानं तो नाकारला. लोकप्रतिनिधींनी त्याला डावलून तो पास केला. त्याच्यावरचा खटला वरवर वेगळ्या कारणानं भरला होता, पण मूळ भांडण हे होतं. एका मतानं त्याची खुर्ची राहिली, आणि शेवटची ओळ अशी होती की, ती कोणाच्या कामी आली हे ज्यांची जमीन गेली त्यांना विचारावं.

मुक्ताबाईनं बेत मांडीवर ठेवला.

"हे तुला ठाऊक हुतं?" नानांनी विचारलं.

"त्या दिवशी सगळंच वाचून दावलं हुतं मी. तुमी ऐकलं बी."

"मग मी काय म्हनलो?"

"म्हनालात, खालचं ऱ्हाऊ दे, फ्रेमीत बसत न्हाई."

नानांना राग आला. आधी तिचा, मग वर्तमानपत्राचा. "चाळीस वर्सं गप ऱ्हायलीस आन आज उकरून काढतीस?" ते ओरडले. "दीडशे वर्सांमागचं अमेरिकेचं भांडन, त्याचं आपल्याला काय?"

"आपल्याला काय न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "कालच्याला तुमीच म्हनालात, तस्संच झालं बघ. म्हनून वाचलं."

ती चहा ठेवायला आत गेली. नाना मशीनवर बसले आणि दोरा नसलेली मशीन नुसती पायानं हलवत राहिले. आठवण हळूहळू वर आली. तिनं खालचं वाचलं होतं, खरंच. त्यांना ते तेव्हाच टोचलं होतं. उल्हासाच्या घासात खडा आला तसं. म्हणून त्यांनी कात्री लावली. कापडाला हात घालण्याआधी त्याची उलटी बाजू बघणारा, एक डाग दिसला तरी तागा परत पाठवणारा शिंपी, आणि त्यानं आपल्या आवडत्या माणसाचा डाग स्वतःच्या हातानं कापून टाकला होता. वरून त्या तुकड्यानं गावाच्या कॉलरी बेतल्या होत्या. आणि काल पाटलांनी 'तुमी' म्हटल्यावर जे गोड वाटलं, त्याची चव त्यांना आता पुन्हा जिभेवर आली. ती चव त्या गोऱ्या माणसानंही घेतली होती. दोघांनाही एकाच गोष्टीची भूक होती, एवढं नानांना कळलं, आणि त्यांची मान खाली गेली.

चहा घेऊन मुक्ताबाई आली तेव्हा ते म्हणाले, "सही केली तर खुर्ची जाती, मुक्ते."

"व्हय."

"मग लोक मला प्रेसिडेंट म्हनायचं बी सोडतील."

"मी कवा म्हनत हुते?" ती म्हणाली, आणि हसायचं नसतानाही दोघं हसले.

शुक्रवारी नानांनी काळा कोट घातला, ग्रामसेवकाला मागं बसवून मोटारसायकलवर पाथर्डीला गेले आणि सही केलेला प्रस्ताव दाखल करून त्याची शिक्का मारलेली पोच घेतली. शनिवारी-रविवारी त्यांनी पाटलांचा शर्ट शिवला. रागात शिवला असेल असं वाटेल, पण नाही. कॉलर त्याच बेतावर कापली आणि अशी बसवली की नगरच्या उस्तादानंही मान डोलावली असती.

सोमवारी पंचायतीचं कार्यालय गच्च भरलं होतं. तहसीलदार खुर्चीत. सभा सुरू होणार तेवढ्यात दारात गोजरबाई दिसली. पहाटेच्या एसटीनं कोपरगावहून निघून दोन गाड्या बदलून आली होती. हातावर पाचटाचे ओरखडे, केसांत फडातली धूळ.

"तुमी कशाला आलात, बाई?" नाना म्हणाले. "सहा त्यांचे हायेत. तुमी न्हाई आलात तरी मोजनी तीच."

"मोजायला न्हाई आले, नाना," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला बसायला आले." आणि खरंच शेजारची खुर्ची ओढून बसली.

पाटील आत आले. नानांनी उठून पिशवी पुढं केली. "शर्ट तयार हाय, पाटील. सोमवार म्हनलो हुतो."

पाटलांनी पिशवी घेतली आणि हळूच विचारलं, "आन त्यो कागद?"

नानांनी कोटाच्या आतल्या खिशातून पोच काढली आणि पाटलांना शिक्का दिसेल अशी धरली. पाटलांनी वाचली. त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही, तीस वर्षांचा सराव होता. मागून त्यांच्या गटातला एकजण ओरडला, "जा की आता मशीनवर! शिंप्याचं काम शिंप्यानं करावं!"

चाळीस वर्षं जॉन्सनच्या ज्या उत्तराची नानांनी तयारी केली होती ते द्यायची वेळ आज आली होती. पण ते पाठ केलेलं वाक्य त्यांच्या तोंडात येईना. ते म्हणाले, "जातो की. शुक्रवारचे चार गनवेश ऱ्हायल्यात." लोक हसले, काहीजण चांगल्या मनानं.

हात वर करायला सांगितले. पाच हात वर झाले. तहसीलदारांनी मोजले. आसाराम पाटील नानांकडं बघत होते, अजून वेळ आहे असं त्यांचे डोळे सांगत होते, म्हणा की कागद परत घेतो. नानांनी गोजरबाईच्या ओरखडलेल्या हातांकडं बघितलं आणि मग पाटलांच्या नजरेला नजर दिली. पिशवी डाव्या हातात घेऊन पाटलांनी उजवा हात वर केला. सहा.

त्या संध्याकाळी नाना दुकानात आले आणि राहिलेले गणवेश शिवायला बसले. खुर्ची गेल्याचं दुःख झालं नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं. जेवण गेलं नाही, रात्रभर कूस बदलत राहिले. गावात पाटलांच्या गटातलाच दुसरा ओबीसी सदस्य सरपंच होईल अशी चर्चा सुरू झाली. आसाराम पाटलांनी तो नेहरू शर्ट मात्र घातला. अंगाला इतका नीट बसला होता की न घालून करतात काय!

दोन-चार दिवसांनी नानांनी कॉलरचा बेत पुठ्ठ्यावरून पाणी लावून सोडवला, वाळवला, आणि त्या तसबिरीच्या खाली, फ्रेमीबाहेर, चार टाचण्यांनी भिंतीला लावला. "फेकून द्या की तो फोटो," कोणी सुचवलं. नाना म्हणाले, "कशाला? शिंपी चांगला हुता त्यो." आता नवखं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा गोष्ट अर्धा तास चालते. बेताच्या तुकड्यापर्यंत आले की नानांचा आवाज खाली येतो, आणि आपण तो कसा कापला तेही ते सांगतात. ऐकणारा उठून जायला बघतो, पण नाना त्याचा पायजमा हातात धरून बसलेले असतात.

मे महिन्यात मोजणीची माणसं आली. गायरानात चुन्याच्या फक्कीनं अठरा चौकोन आखून गेली. मंजुरी अजून यायचीच आहे, पाटलांचा गोठा अजून तिथंच आहे, आणि कागदाला तालुक्याहून जिल्ह्याला जायला किती पावसाळे लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. गोजरबाई फडावरून परतली आणि तिसऱ्या दिवशी दुकानात आली. हातात निळ्या फुलांचं कापड.

"पडदा शिवायचाय, नाना. दाराला."

"दाराचं माप?"

"दार व्हायचंय अजून."

"मापाबिगर कात्री लावत न्हाई मी, बाई," नाना म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडं एकदा बघितलं, टेप गळ्यात टाकली, वही घेतली आणि तिच्याबरोबर निघाले.

उन्हात फक्कीच्या रेघा पांढऱ्या चमकत होत्या. गोजरबाई आपल्या चौकोनाच्या पूर्वेच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. थोडा विचार केला, दोन पावलं डावीकडं सरकली आणि दोन्ही हात बाजूला पसरले. "हितं," ती म्हणाली. नानांनी तिच्या एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंत टेप धरली. मग तिनं एक हात डोक्याच्या वर जितका जाईल तितका नेला, आणि नानांनी जमिनीपासून तिच्या बोटांच्या टोकापर्यंत उंची घेतली.

"चार बोटं जास्त धरा," ती म्हणाली. "वर दुमडून ठिवा. दार मोठं झालं तर सोडता येईल."

नानांनी वहीत लिहिलं, 'गोजरबाई, दार', आणि त्याच्यापुढं माप टाकलं. मग त्यांनी विचारलं, "कवा पाहिजे?"

गोजरबाईनं गोठ्याकडं बघितलं.

"शुक्रवारी देतो," नाना म्हणाले.